प्रकरण अकरा : कुत्रासुद्धा ड्यूक झाला

बैठकीची खोली उघडी पाहून एलविन दारातच थबकला. त्या घरात ती खोली उघडायची ती पाळकबुवांसाठी, नाहीतर शवपेटीसाठी. ऑक्टोबरात त्याच्या सासूबाईंची पेटी तिथून निघाली आणि गायनोरने पडदे ओढून घेतले, ते आज फेब्रुवारीतल्या शनिवारी दुपारी सारलेले होते. निळे कप बाहेर आले होते. सोफ्यावरची कापडी झाकणंही निघाली होती.

"कोण गेलं?" त्याने बायकोला हळूच विचारलं.

"अजून कोणी नाही," गायनोर म्हणाली. "चारला मंडळी जमतायत, त्यानंतर बघू."

तिचा धाकटा भाऊ इदवाल आत स्वयंपाकघरात सूप पीत बसला होता. सकाळच्या गाडीने लंडनहून तो दोन बॅगा घेऊन उतरला, आणि त्या दोन बॅगाच गायनोरला खुपत होत्या. पाहुणा एक बॅग आणतो. नाताळात त्याने फोनवर विचारलं होतं, "आईची मागची खोली रिकामीच आहे ना? मी राहायला आलो तर? कायमचा?" घर आता गायनोरचं होतं. हो म्हणायला तिला कोणाची परवानगी लागत नव्हती. तरी तिच्या तोंडून निघालं, "घरच्यांना विचारून सांगते," आणि हे आपण का म्हणालो याचा ती तेव्हापासून विचार करत होती. उत्तर तिला ठाऊक होतं. ते तिला आवडत नव्हतं, एवढंच.

पेन्त्रेलास गावात आडनावं मोजकी आणि प्रिचर्ड उदंड, म्हणून माणूस धंद्यावरून ओळखायचा. गायनोरचा नवरा एलविन टपाल. मामेबहीण नेस्टा बेकरी. चुलते हुमफ्री सुरुंग, कारण पाटीच्या दगडाच्या खाणीत सगळा जन्म त्यांनी सुरुंग लावले आणि अजूनही ते घरात तेवढ्याच आवाजात बोलायचे. इदवाल सिनेमात आणि टीव्हीवर हवालदार, दुसरा डॉक्टर, तिसरा सरदार असली कामं करायचा, म्हणून गावाने त्याचं नाव ठेवलं होतं इदवाल तीन वाक्यं. चौथं वाक्य त्याला उभ्या जन्मात कोणी दिलं नव्हतं. गायनोरला मात्र स्वतःचं असं नाव नव्हतं. ती नुसती गायनोर एलविन टपाल.

नेस्टा मागच्या दाराने लोणी लावलेला बरा ब्रिथ, म्हणजे मनुक्यांचा गोड पाव, घेऊन आली आणि स्वयंपाकघरात अडकली, कारण इदवालने तिला उंटाची गोष्ट सुरू केली.

"वाळवंटातला सिनेमा," तो सांगत होता. "मी सार्जंट. झुबकेदार खोट्या मिशा. पहिलं वाक्य झालं. दुसऱ्या वाक्याला शेजारच्या उंटाने मान वळवली आणि उजवी मिशी खाल्ली. चावून चावून खाल्ली, नेस्टा. बदलायची मिशी तंबूत, तंबू तीन मैलांवर, आणि सूर्य बुडायला आलेला. दिग्दर्शक ओरडला, तोंड वळव! त्या सिनेमात त्यानंतर मी फक्त डावीकडून दिसतो."

नेस्टा हसली. तिचं हसू म्हणजे एकदम फुटायचं आणि मध्येच असं तुटायचं, जणू चुलीवर काही करपल्याची आठवण झाली असावी. हसल्या हसल्या तिच्या लक्षात आलं की आपण ज्याच्यावर रागावून आलो आहोत त्याच्याच गोष्टीला हसलो. तिने पाव उचलला आणि नाक वर करून बैठकीच्या खोलीत गेली.

"आरोपीने स्वयंपाकघरातच थांबावं," आधीच येऊन बसलेल्या हुमफ्री काकांनी बैठकीतून फर्मान काढलं. काका चॅपलमधल्या पंचमंडळींच्या मोठ्या बाकावर बसणारे, त्यामुळे चार माणसं एकत्र दिसली की त्यांना ती सभाच वाटायची.

"काका, तो आरोपी नाही," एलविन म्हणाला.

"मग आपण इथं कशाला जमलोय? पाव खायला?"

एलविनने पावाकडे पाहिलं. काकांनी डोळे मिटून प्रार्थना केली. "हे परमेश्वरा, ज्याने आमचं आमच्याच घरातून उचललं त्याला क्षमा कर. पण घाई करू नकोस, आधी त्याला थोडी लाज वाटू दे. आमेन." आणि कोणाला काही कळायच्या आत सवयीने त्यांनी स्तोत्राला सुरुवात केली.

स्तोत्र सुरू झालं की त्या घरात कोणी गप्प राहू शकत नाही. काकांचा खर्ज, त्याला टेकून एलविन, वर नेस्टा, मधल्या पट्टीत गायनोर. चौथा आवाज पुरुषांच्या वरच्या पट्टीतला, तो गायनोरच्या वडिलांचा, आणि ते जाऊन जमाना लोटला होता. त्यामुळे दाराला बिजागरी नसावी तसं ते गाणं लटकत चाललं होतं. दुसऱ्या ओळीला स्वयंपाकघरातून तो आवाज आला, स्वच्छ, नेमका, वडिलांच्याच वळणाचा, आणि सगळं स्तोत्र जागेवर बसलं.

"आरोपीने गाऊ नये!" काका दोन ओळींच्या मध्ये गरजले.

"मग थांबवा त्याला," नेस्टा म्हणाली.

"कडवं संपू दे."

चारही कडवी झाली. शेवटचं आमेन गायनोरने जरा जास्तच लांबवलं, आणि त्याचाही तिला राग आला. मग इदवालला आत बोलावलं. तो दाराजवळच्या ताठ खुर्चीवर बसला, तीच खुर्ची जिच्यावर प्रेतयात्रेला आलेले लांबचे लोक बसायचे. त्याच्या मागून मोस आला, एलविनचा मेंढ्या राखणारा म्हातारा कुत्रा. स्वतःभोवती गोल गोल फिरून, जगाने अपमान केल्यासारखा उसासा टाकून तो शेगडीसमोर बसला.

"आरोप असा," काका उभे राहिले. "हा मुलगा सिनेमात जातो, यावर आमचं काही म्हणणं नाही. माणसं दारूही पितात. पण तिथे तो स्वतःचं काही नेत नाही. आमचं नेतो. आता हा इथे राहायला येणार म्हणतो. म्हणजे रोज सकाळी नाश्त्याला समोर बसणार आणि आमच्याकडे बघणार. मी अंडं कसं फोडतो ते उद्या सगळा देश बघणार."

"तुम्ही अंडं कसं फोडता, काका?" इदवालने उत्सुकतेने विचारलं.

"पाहिलंत! पाहिलंत!" काका ओरडले. "हातच्या कांकणाला आरसा कशाला! एलविन, लाव."

टेप आईने ठेवल्या होत्या. मुलगा टीव्हीवर दिसला की ती रेकॉर्डिंगचं बटण दाबायची, आणि ते सगळं मुरंब्याच्या बरण्यांमागे नीट रचून ठेवलेलं होतं. एलविनने पहिली टेप घातली आणि रिमोट हातात घेऊन सोफ्याच्या काठावर बसला.

पडद्यावर कोर्ट दिसू लागलं. इदवाल औषधवाला झाला होता, तीन बायकांना विष घालणारा. तो बोलण्याआधी चष्मा काढून कोटाच्या टोकाने पुसायचा, घशात खडी दळल्यासारखा दोनदा खोकायचा, आणि मग म्हणायचा, "ती मुळातच अशक्त होती, महाराज."

"हा माझा खोकला!" काका म्हणाले. त्यासाठी त्यांना चष्मा काढून पुसावा लागला आणि दोनदा खोकावं लागलं. "खाणीतल्या धुळीने मी हा खोकला कमावलाय! आता चॅपलच्या चहाला माझ्या हातचा कप कोणी घेत नाही. मिसेस पुग म्हणाल्या, नको हं, मी मुळातच अशक्त आहे! थांबव तिथं, एलविन, दाखव त्याला."

एलविनने अंगठ्याला थुंकी लावली आणि बटण दाबलं. पण पाकिटं वाटून वाटून जडलेली ती अंगठा ओला करायची सवय, तिच्यात क्षण गेला. खोकला संपून गेला होता. पडद्यावर वकील बोलत होते आणि कोपऱ्यात इदवाल नुसता उभा होता, मान डावीकडे कललेली, भुवया वर, तोंड किंचित उघडं.

"पुढे गेलं!" सगळे ओरडले.

"मागे घे," काका म्हणाले. "पहिल्यापासून लाव. तो चष्म्याचा भाग जरा चांगला जमलाय."

पुढच्या टेपमध्ये नेस्टाचं हसू होतं. ते इदवालने एका लाचखाऊ बिशपला दिलं होतं.

"बिशपला!" नेस्टाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी काय केलं होतं तुझं, इदवाल? खुनी कर, दरोडेखोर कर, मी ब्र काढला नसता. पण चॅपलला जाणाऱ्या मेथडिस्ट बाईचं हसू उचलून इंग्लिश चर्चच्या बिशपच्या तोंडात घालायचं?"

"तो फार चांगला बिशप होता गं," इदवाल म्हणाला. "लोकांना तो आवडला."

"आवडला?" नेस्टाने डोळे पुसले. "कोणाला?"

एलविनने अंगठा ओला करून बटण दाबलं, आणि पुन्हा उशीर झाला. बिशप हसून संपला होता. कोणी दुसरंच बोलत होतं आणि बिशप ऐकत उभा होता. पुन्हा सगळे ओरडले.

मग एलविनची स्वतःची पाळी आली. इन्स्पेक्टरच्या वेशातला इदवाल एक हात पाठीमागे ठेवून, टपालाची पिशवी खांद्यावर असल्यासारखा एका बाजूला झुकून चालत आला, अंगठा चाटून वहीचं पान उलटू लागला, आणि तेवढ्यात खुनी खिडकीतून उडी मारून पळाला. वरातीमागून घोडं.

"मुलं माझ्यामागे ओरडतात," एलविन खिन्नपणे म्हणाला. "इन्स्पेक्टर, खिडकी! इन्स्पेक्टर, खिडकी!" बोलताना त्याने अंगठा चाटला.

गायनोर चहाच्या किटलीवर लोकरीची टोपी घालत सगळ्यांकडे पाहत होती. काका पुढे सरकून बसले होते. नेस्टा बिशपची टेप आणखी एकदा लावायला सांगत होती, खात्री करून घ्यायला म्हणे. एलविनचे कान लाल झाले होते, पण तोंडावर ते लाजरं हसू होतं जे त्याच्या लग्नाच्या फोटोत आहे. रागावलेली माणसं अशी दिसत नाहीत. नवे कपडे घालून आरशासमोर उभी राहिलेली माणसं अशी दिसतात. तिने टोपी किटलीवर गच्च खाली ओढली.

"अजून एक आहे," एलविन म्हणाला आणि शेवटची टेप लावली.

शिकारीला निघालेल्या मंडळींत इदवाल पांढऱ्या मिशांचा म्हातारा ड्यूक झाला होता. बसायच्या आधी तो खुर्चीभोवती गोल गोल फिरला, आणि जगाने अपमान केल्यासारखा उसासा टाकून खाली बसला. शेगडीसमोर मोसने मान वर केली, पडद्याकडे पाहिलं आणि शेपूट आपटलं.

सगळे पोट धरून हसले. काकासुद्धा. एलविनने उशिरा बटण दाबलं आणि ड्यूक कोपऱ्यात ऐकत थिजला, तिकडे कोणाचं लक्षही गेलं नाही.

"आता मतदान," काका डोळे पुसत म्हणाले. "याला घरात घ्यावं की नाही? मी म्हणतो, नाही. म्हणजे, त्याने आधी माफी मागावी. आणि अंड्याचं आधी सांगून करावं."

"मी काकांच्या बाजूने," नेस्टा म्हणाली. "पुढच्या वेळी निदान मेथडिस्ट तरी कर."

"मी त्याच्या बाजूने," एलविन म्हणाला. "गाण्याला चौथा आवाज लागतो."

"मग काय ते गायनोरवर," काका म्हणाले. "घर तिचं. बोल, पोरी."

गायनोरने किटली हातात घेतली आणि पुन्हा ठेवली. घरमालकिणीला शोभेल असं काहीतरी शांत बोलायचं तिने आठवडाभर ठरवलं होतं.

"कुत्रा," ती म्हणाली.

"काय?" इदवालने विचारलं.

"कुत्र्यालासुद्धा ड्यूक केलंस तू!" तिचा आवाज वर चढला. "काकांचा खोकला घेतलास. नेस्टाचं हसू घेतलंस. माझ्या नवऱ्याचा थुंकीचा अंगठा घेतलास! शेजारच्या बाईचा पोपटसुद्धा कुठेतरी न्यायाधीश झाला असेल!"

"बॅरिस्टर," इदवाल पुटपुटला.

"बॅरिस्टर! आणि मी? सगळी वर्षं आईशेजारी या सोफ्यावर बसून मी तुझा एकेक सिनेमा पाहिला. प्रत्येक वेळी वाटायचं, आज येईन मी. आज हा माझ्यासारखा दार लावेल, माझ्यासारखं नाक मुरडेल. भुताच्या सिनेमात मोलकरीण तरी करेल! काहीच नाही. तुला माझ्यात उचलण्यासारखं काहीच सापडलं नाही? मी काय भिंत आहे?"

एलविनने बायकोकडे असं पाहिलं, जणू इतकी वर्षं टपाल वाटूनही हे एक पत्र आपल्याला दिसलंच नाही.

"गायनोर," इदवाल म्हणाला, "तीन वाक्यं बोलायला किती वेळ लागतो?"

"मला काय माहीत?"

"मिनिटसुद्धा नाही. मग उरलेला सिनेमाभर मी काय करतो?"

"काय करतोस?"

"ऐकतो. नायक बोलतो, मी ऐकतो. नायिका रडते, मी ऐकतो. त्यासाठीच बोलावतात मला. बोलणारे खूप मिळतात. तुला आठवतं, शाळेत असताना गावच्या काव्यस्पर्धेत कविता म्हणताना मी मंचावर अडलो होतो? सगळे हसले. काका सगळ्यांत मोठ्याने."

"मी खोकत होतो," काका म्हणाले.

"घरी आलो तेव्हा तू बटाटे सोलत होतीस. म्हणालीस, मला म्हणून दाखव. ती कविता तू इतक्यांदा ऐकली होतीस की तुलाच पाठ झाली होती. पण तू सोलायचं थांबवून अशी ऐकलीस, जणू पुढे काय होणार ते तुला ठाऊकच नाही. मी अडलो तेव्हा सांगितलं नाहीस. नुसती थांबलीस. आणि मी शेवटपर्यंत म्हटली. तेव्हा जे तुझ्याकडून घेतलं, तेवढ्यावरच आजवर पोट भरलंय माझं. काकांचा खोकला एका सिनेमात आहे गं. तू सगळ्यांत आहेस."

"अरे देवा," एलविन म्हणाला.

तो पडद्याकडे बघत होता. पडद्यावर ड्यूक थिजला होता, मान डावीकडे कललेली, भुवया वर, तोंड किंचित उघडं. एलविनने मान वळवून बायकोकडे पाहिलं. सोफ्याच्या कडेला, किटलीवर हात ठेवून, मान डावीकडे कलवून, भुवया वर करून, किंचित उघड्या तोंडाने गायनोर भावाचं बोलणं ऐकत होती.

नेस्टाने दोघांकडे पाहिलं आणि किंचाळलीच. काकांनी चष्मा पुसला.

"काय झालं?" गायनोर म्हणाली. "काय बघताय?"

"आरसा आण," नेस्टा म्हणाली. "नको, आरसा नको, तिकडे बघ. ती तूच आहेस! मिशांसकट!"

गायनोरने पडद्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "मी तोंड उघडं टाकून बसते?" ती शेवटी म्हणाली. "इतकी वर्षं? आणि तुमच्यापैकी एकाने मला सांगितलं नाही?"

"मला वाटलं तुला माहीत आहे," एलविन म्हणाला. "मी त्याच तोंडाशी लग्न केलं."

"म्हणजे माझं एकाच सिनेमात," नेस्टा हिशोब लावत म्हणाली, "आणि हिचं सगळ्यांत? हा काय न्याय झाला?"

"मलाही हे पटलेलं नाही," काका म्हणाले.

इदवालने मात्र मान खाली घातली होती. "एक गोष्ट सांगायची राहिली," तो म्हणाला. "मला आता वाक्यं राहत नाहीत डोक्यात. मागच्या सिनेमात तीन होती. राहिनात, तेव्हा दोन केली. मग एक. मग म्हणाले, तुम्ही नुसते उभे राहा. ते मात्र झकास झालं." तो हसला. "डॉक्टर म्हणतात, हे वाढत जाईल, हळूहळू. मला वाटलं, विसरायचंच आहे तर घरी बसून विसरावं. तिथं अडलो की लोक घड्याळ बघतात."

त्या दोन बॅगांवरून आपण केलेल्या हिशोबाची गायनोरला लाज वाटली, इतकी की तिने चटकन उठून पडदे उगीचच सारखे केले. पाठमोरीच राहून ती म्हणाली, "मागच्या खोलीतली शेगडी सकाळीच पेटवलीय. गादी ओलसर होती."

"सकाळीच?" काका म्हणाले. "मग ही सभा कशाला?"

"पाव खायला," गायनोर म्हणाली. "घ्या."

काकांनी ठराव मागे घेतल्याचं जाहीर केलं, पण ऐकायला कोणी नव्हतं, सगळ्यांची तोंडं भरली होती. चहा ओतला गेला. एलविनने पलीकडच्या ताटलीतला तुकडा अंगठा ओला करून उचलला, नेस्टा हसली, आणि क्षणभर सगळ्यांनी चोरून इदवालकडे पाहिलं, तो बघतोय की नाही. तो बघत होता. सगळ्यांना बरं वाटलं.

इदवालने कप खाली ठेवला. त्याचा चेहरा एकदम उजळला.

"अरे हो! तुम्हाला उंटाची गोष्ट सांगितली का मी?"

नेस्टाचा हात पावासकट हवेतच राहिला. दोन तासांपूर्वी ऐकलेली मिशी तिच्या ओठांवर आली होती. काकांनी घसा साफ करायला घेतला. गायनोरने दोघांकडे फक्त एकदा पाहिलं, आणि नेस्टाने तो अख्खा तुकडा तोंडात कोंबला आणि काकांनी खोकला गिळला.

"नाही रे," गायनोर म्हणाली. किटली बाजूला सारून ती त्याच्या समोर येऊन बसली. "कुठला उंट?"

"वाळवंटातला सिनेमा," इदवाल सांगू लागला. "मी सार्जंट. झुबकेदार खोट्या मिशा..."

गायनोरची मान डावीकडे कलली. भुवया वर गेल्या. तोंड किंचित उघडं पडलं. या वेळी ते तिला कळलं, आणि तिने ते मिटलं नाही.